दोन तिकिटं, एक प्रवास: मधले तास कोणाचे?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा लोकलमध्ये इअरफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. नागपूरच्या एका श्रोत्याने विचारलंय, "मला ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टला जायचंय, मास्टर्ससाठी. नागपूर ते फ्रँकफर्ट एकत्र तिकीट महाग पडतंय. नागपूर-मुंबई वेगळं आणि मुंबई-फ्रँकफर्ट वेगळं काढलं तर चांगले पैसे वाचतात. काढू का?"

प्रश्न साधा वाटतो, आणि ॲपवर तर तो अगदीच साधा दिसतो. दोन आकडे समोर असतात, कमी आकड्यावर बोट ठेवायचं की झालं. पण त्या दोन आकड्यांमधला फरक नेमका कशाचा आहे, हे ॲप सांगत नाही. आज आपण तेच बघू. शेवटी मी माझं उत्तरही देणार आहे, पळ काढणार नाही.

आधी हे समजून घ्या: "एक तिकीट" म्हणजे काय?

तुम्ही तिकीट काढता तेव्हा तुम्हाला सहा अक्षरं-अंकांचा एक कोड मिळतो. तो पीएनआर. त्याशिवाय आणखी एक नंबर असतो, ज्याकडे आपण कधी बघत नाही. तो म्हणजे तेरा आकडी ई-तिकीट नंबर. त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचे ०९८, लुफ्थान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. हा नंबर म्हणजे तुमचा करार. "आम्ही तुम्हाला अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी पोहोचवू" असं त्या कंपनीने कबूल केलेलं असतं.

नागपूर-मुंबई-फ्रँकफर्ट हा सगळा प्रवास एकाच तिकीट नंबरवर असेल, तर करार नागपूर ते फ्रँकफर्ट असा आहे. मुंबई हा मधला थांबा, बस. नागपूरचं विमान उशिरा निघालं आणि पुढचं चुकलं, तर तुम्हाला फ्रँकफर्टला पोहोचवायची जबाबदारी त्यांची. पुढच्या उपलब्ध विमानात बसवणं त्यांचं काम.

आणि यासाठी दोन्ही विमानं एकाच कंपनीची असावी लागतात असंही नाही. कंपन्यांचे आपापसात करार असतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्थान्साही त्याच गटात आहे. इंडिगोचे एअर फ्रान्स आणि केएलएमसारख्या कंपन्यांशी करार आहेत. म्हणजे दोन कंपन्यांची विमानं एका तिकिटावर येऊ शकतात. फक्त ते तिकीट तसं *विकलेलं* असायला हवं.

आणखी एक गोष्ट. एकत्र तिकीट विकताना कंपन्यांच्या सिस्टीममध्ये प्रत्येक विमानतळासाठी एक किमान वेळ ठरलेली असते. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला कमीत कमी इतकी मिनिटं लागतात, असा तो हिशेब. त्यापेक्षा कमी वेळाची जोडी एका तिकिटावर सहसा विकलीच जात नाही. दोन तिकिटं तुम्ही स्वतः जोडलीत, तर ही तपासणी कोणीच करत नाही. तुम्ही पन्नास मिनिटांची जोडी लावलीत तरी दोन्ही ॲप्स आनंदाने पैसे घेतील, कारण दोघांनाही दुसऱ्या तिकिटाची खबर नाही.

मग दोन तिकिटांत होतं काय?

दोन करार होतात. पहिल्या कंपनीचं काम तुम्हाला मुंबईत उतरवण्याचं. ते त्यांनी चार तास उशिरा केलं, तरी केलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही मुंबईचेच प्रवासी. तुम्ही नागपूरहून येताय की नालासोपाऱ्याहून, त्यांना काही फरक पडत नाही. काउंटर बंद व्हायच्या आत आलात तर ठीक, नाहीतर तुमच्या नावापुढे "नो-शो".

मधल्या तासांत तुमची काळजी घेणारं कोणी नाही. तिथे विमान कंपनी तुम्हीच. वेळापत्रक तुम्ही बनवलंय, बॅग तुम्ही वाहणार, आणि चुकलं तर नुकसानभरपाईही तुमच्याच खिशातून. एकत्र तिकिटाला जे जास्तीचे पैसे लागतात, त्यात या जबाबदारीची किंमत असते. ती तुम्ही वाचवताय, म्हणजे जबाबदारी अंगावर घेताय. घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण काय घेतोय ते मोजून घ्यावं.

तर मोजूया.

एक: बॅग

एकत्र तिकिटावर नागपूरला दिलेली बॅग बहुतेक वेळा थेट फ्रँकफर्टला मिळते. दोन तिकिटांवर तसं गृहीत धरू नका. मुंबईत उतरायचं, पट्ट्यावर बॅगची वाट बघायची, बाहेर यायचं, पुन्हा डिपार्चरला जायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं.

आणि वजन! हे फार जणांच्या लक्षात येत नाही. देशातल्या विमानात इकॉनॉमीला साधारणपणे १५ किलोची चेक-इन बॅग आणि ७ किलोची केबिन बॅग चालते. परदेशाच्या तिकिटावर २३ किलोची एक किंवा दोन बॅगा असू शकतात. विद्यार्थी असाल तर बहुधा दोन. म्हणजे लोणची, प्रेशर कुकर, स्वेटर सगळं धरून ४६ किलो तुम्ही भरलंत, आणि नागपूरच्या काउंटरवर कळलं की इथे १५ च चालतात. उरलेल्या ३१ किलोंचे पैसे किलोच्या भावाने भरायचे. वाचवलेल्या पैशांतला मोठा वाटा तिथेच जातो. त्यामुळे तिकिटाची तुलना करताना जादा वजनाचे पैसे आधी मिळवा, मग ठरवा स्वस्त कोणतं. पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यावर काही कंपन्या यात सवलत देतात. बुकिंगच्या आधी विचारून घ्या, आणि उत्तर लेखी घ्या. जादा वजन ऑनलाइन आधी घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

दोन: टर्मिनल, आणि आता विमानतळसुद्धा

मुंबईत टी-१ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, टी-२ सहारला. दोन्हींच्या मध्ये धावपट्टी. विमानतळ एकच, पण एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला बाहेरच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर. अंतर किरकोळ, पण संध्याकाळच्या हायवेला किलोमीटर मोजत नाहीत हे मुंबईकरांना सांगायला नको. मेट्रो-३ ची दोन्ही टर्मिनलला स्टेशनं आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ती सोय झालीय आणि हलकं सामान असेल तर उत्तम आहे. पण मेट्रो रात्री उशिरा बंद होते, आणि युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतरच उडतात.

एकाच कंपनीची काही विमानं टी-१ वरून आणि काही टी-२ वरून असू शकतात. म्हणून कंपनीचं नाव बघून टर्मिनल ठरवू नका, तिकिटावर बघा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.

त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. शोधताना "मुंबई" टाकलंत तरी कोड वाचा. बीओएम म्हणजे जुना मुंबई विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. एकात उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर ते कनेक्शन राहत नाही, खाडी ओलांडून केलेला वेगळा प्रवास होतो. गोव्यातही तसंच. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. एक दक्षिणेला, एक उत्तर टोकाला.

ही गंमत जगभर आहे. इस्तंबूलचा मोठा विमानतळ युरोपच्या बाजूला आणि सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. स्वस्त तिकीट जोडताना चुकून खंड बदलायची वेळ येते. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. क्वालालंपूरला विमानतळाचं नाव एकच, पण दोन टर्मिनलांच्या मध्ये ट्रेन.

तीन: व्हिसा

मधला थांबा भारतात असेल तर हा मुद्दा नाही. पण परदेशात दोन तिकिटं जोडत असाल, तर हा सगळ्यात महागात पडणारा मुद्दा आहे. बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर येणं म्हणजे त्या देशात प्रवेश करणं. तिथला व्हिसा लागतो का? लंडनचं उदाहरण घ्या. भारतीय पासपोर्टवर तिथे विमानतळाच्या आतच राहून विमान बदलण्याचा व्हिसा वेगळा आणि इमिग्रेशन ओलांडून विमान बदलण्याचा वेगळा. तुमच्याकडे दुसऱ्या काही देशांचे व्हिसा असतील तर सवलत मिळते, पण अटी आहेत.

याची तपासणी लंडनला होत नाही, मुंबईतच होते. काउंटरवरचे कर्मचारी टिमॅटिक नावाच्या डेटाबेसमध्ये तुमचा पासपोर्ट, मार्ग आणि व्हिसा तपासतात. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, त्यामुळे ते अडवतात. तिथे वाद घालून उपयोग नसतो. म्हणून तिकीट काढायच्या *आधी* त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर नियम बघा. मित्राचा मागच्या वर्षीचा अनुभव पुरेसा नाही, हे नियम बदलत असतात.

चार: तारखेचा चकवा

तिकिटावर लिहिलंय: १५ ऑक्टोबर, ०१:१०. तर विमानतळावर कधी जायचं? १४ तारखेच्या रात्री! जेवण करून निघायचं ते चौदालाच. एका तिकिटावर सिस्टीम हे बरोबर जोडते. दोन तिकिटं स्वतः जोडताना लोक नागपूर-मुंबईचं तिकीट १५ च्या संध्याकाळचं काढतात. तोपर्यंत विमान केव्हाच जर्मनीत उतरलेलं असतं. मध्यरात्र ते पहाटेचं विमान असेल तर कॅलेंडरमध्ये आदल्या दिवसाचा रिमाइंडर लावा. आत्ताच.

आता वेळेचा हिशेब: उलटा मोजायचा

बहुतेक जण पुढे मोजतात. "साडेनऊला उतरतो, दहाला बाहेर, मग तीन तास आहेत की!" मी शेवटाकडून मागे मोजतो. ०१:१० चंच विमान घेऊ.

परदेशी विमानाचे काउंटर साधारण ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतात. ७५ धरा. म्हणजे २३:५५ ला दार बंद.

रांग असणार. ऑक्टोबर, दिवाळी, मे महिना असेल तर नक्कीच असणार. म्हणून टी-२ वर २३:०० ला पोहोचायचं.

टी-१ वरून टी-२ ला यायचं तर टॅक्सी मिळण्यासकट ४५ मिनिटं. म्हणजे २२:१५ ला टी-१ सोडायचं.

उतरून, बस पकडून, पट्ट्यावर बॅग येईपर्यंत ४० मिनिटं. म्हणजे चाकं जमिनीला २१:३५ ला लागायला हवीत.

आता उशीर. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. एवढं व्यस्त विमानतळ एका वेळी एकाच धावपट्टीवर चालतं. सकाळी कुठेतरी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. पावसाळ्यात मुंबईला, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात दिल्लीला हे आणखी वाढतं. म्हणून दोन तास उशिराचे धरा.

उत्तर आलं १९:३५. म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे तुमचं विमान संध्याकाळी सात-पस्तीसला मुंबईत उतरणारं हवं. दोन विमानांत साडेपाच तासांचं अंतर! ऐकायला खूप वाटतं, पण यातला प्रत्येक टप्पा आत्ताच आपण मोजलाय. कोणता काढायचा ते तुम्हीच सांगा.

आणि एक नियम वहीत लिहून ठेवा. दिवसाचं शेवटचं विमान कधीही घेऊ नका. तुमचं रद्द झालं, तर त्यानंतरचं दुसरं विमान पकडूनही पोहोचता आलं पाहिजे. सकाळचं विमान सगळ्यात चांगलं, कारण साचलेला उशीर त्याच्या वाट्याला कमी येतो.

चुकतंय असं दिसलं, तर?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. इअरफोन काढू नका.

माझी मावसबहीण अशीच नागपूरहून निघाली होती, दोन तिकिटांवर. मध्ये पाच तासांहून जास्त अंतर, सगळं नीट. पण नागपूरचं विमान आलंच नाही. आधी बोर्डवर एक तास उशीर. मग आणखी एक. मग "लवकरच कळवू". तिच्याच रांगेत एक मुलगा होता, त्याचंही पुढचं विमान तेच, मध्यरात्रीनंतरचं, आणि तिकिटंही अशीच वेगवेगळी. दोघांनी घरी फोन केले. घरचे म्हणाले, थांब जरा, पोहोचशील.

ताईने निघायच्या आधीच एक वेळ ठरवून ठेवली होती. आठपर्यंत विमानात बसलो नाही, तर फोन करायचा. आठ वाजले, तिने नागपूरच्या गेटवर उभं राहून परदेशी कंपनीला फोन लावला आणि तारीख दोन दिवसांनी पुढे ढकलली. बदलाचे पैसे आणि भाड्यातला फरक भरावा लागला. तो मुलगा थांबला. दोघं एकाच विमानाने मुंबईत उतरले, मध्यरात्री. त्याचं काउंटर बंद झालेलं होतं आणि तो नो-शो होता. त्याचं जायचं तिकीट तर गेलंच, त्याच बुकिंगमधलं यायचं तिकीटही गेलं. त्याने मागाहून तिला सांगितलं, नव्या तिकिटासाठी वडिलांना एफडी मोडावी लागली.

इथे नियम काय आहे ते समजून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार तिकिटातला एक टप्पा न कळवता चुकवला, तर त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे रद्द होतात. रिटर्नसुद्धा. पण विमान उडायच्या आधी तुम्ही बदल केलात, तर तिकीट जिवंत राहतं. बदलाची फी आणि पूर्ण तिकीट यांच्यातला फरक त्या एका फोनवर ठरतो. आशा आपल्याला थांब म्हणते. म्हणून फोनची वेळ आधीच, शांत डोक्याने, घरी बसून ठरवायची. तिकीट काढतानाच बघायचं, या भाड्यात तारीख बदलता येते का आणि कितीला. सगळ्यात स्वस्त भाड्यात ती सोय नसते किंवा फार महाग असते. दोन तिकिटं काढत असाल, तर लांबच्या प्रवासाचं तिकीट बदलता येण्यासारखंच घ्या. वाचलेल्या पैशातले थोडे तिथे घाला.

फोन लागेना तर ॲपवर "मॅनेज बुकिंग" उघडा. एजंटकडून किंवा वेबसाइटवरून काढलेलं तिकीट बऱ्याचदा तिथूनच बदलावं लागतं, त्यामुळे त्यांचा २४ तास चालणारा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा. आणि पहिल्या कंपनीच्या काउंटरवरून उशीर झाल्याचं लेखी पत्र किंवा ईमेल मागा. विम्यासाठी ते लागतं.

कायदा काय देतो?

भारतात हे नियम डीजीसीए करतं. विमान सहा तासांहून जास्त उशिरा जाणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा देणं कंपनीवर बंधनकारक आहे. उशिरानुसार खाणं-पिणं द्यावं लागतं. वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं आणि इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल तेवढी भरपाई मिळते. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल, तर ही भरपाई मिळत नाही.

आणि चुकलेल्या कनेक्शनबद्दल? नियमात शब्द आहेत, त्याच तिकीट नंबरवर बुक केलेलं कनेक्टिंग विमान. म्हणजे ज्या तेरा आकड्यांकडे आपण बघत नाही, त्यावरच सगळं उभं आहे. दोन तिकिटं असतील तर पहिली कंपनी तुम्हाला पहिल्या तिकिटापुरतीच बांधील.

एक छोटी पण कामाची गोष्ट. नो-शो झालात, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायला हवीत, असा डीजीसीएचा नियम आहे. आपोआप आले नाहीत तर मागून घ्या. आंतरराष्ट्रीय तिकिटावर ही रक्कम अगदीच किरकोळ नसते.

विमा काढणार असाल, तर "मिस्ड कनेक्शन" हे दोन शब्द बघून खूश होऊ नका. आतली अट वाचा. किती तासांचा उशीर हवा, दोन विमानांत किमान किती अंतर हवं, वेगळी तिकिटं चालतात का, हे तिथे लिहिलेलं असतं. काही बुकिंग वेबसाइट स्वतःच दोन कंपन्यांची विमानं जोडून देतात आणि त्यावर आपली हमी विकतात. ती हमी वेबसाइटची असते, विमान कंपनीची नाही. तिकिटावर "सेल्फ ट्रान्सफर" दिसलं, की ही दोन तिकिटंच आहेत असं समजा.

येतानाचा प्रवास

परदेशातून परत येताना मुंबईत इमिग्रेशन, बॅग, कस्टम्स हे सगळं होतंच. एकत्र तिकीट असलं तरी भारतातल्या पहिल्या विमानतळावर सहसा बॅग घेऊन कस्टम्समधून बाहेर यावं लागतं. त्यामुळे घरी जायचं तिकीट घाईचं काढू नका. इमिग्रेशनच्या रांगेसाठी सरकारची फास्ट ट्रॅक योजना आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही सुरू झाली. भारतीय नागरिकांना ती मोफत आहे. नोंदणी आधी करावी लागते, बोटांचे ठसे आणि फोटो द्यावा लागतो. वारंवार ये-जा असेल तर करून ठेवा.

येताना एक बरं असतं. इथे चुकलं तर नुकसान देशातल्या तिकिटापुरतं. त्यामुळे येतानाचं वेगळं तिकीट मी जातानाच्या मानाने सहज काढेन.

आता उत्तर: काढू का?

पैशाचा हिशेब आधी. समजा दोन तिकिटांत तुमचे ८,००० वाचतात, आणि चुकलं तर नवीन तिकीट ४५,००० ला पडेल. म्हणजे साधारण साडेपाच वेळा व्यवस्थित गेलात आणि एकदा चुकलं, तर हिशेब बरोबरीत. नीट अंतर ठेवलं तर सहातून एकदा विमान चुकणार नाही. म्हणजे कागदावर दोन तिकिटं फायद्याची ठरतात.

पण हा हिशेब त्याच्यासाठी, जो वर्षातून सहा वेळा उडतो आणि एका फटक्यात ४५,००० भरू शकतो. आयुष्यात पहिल्यांदा, शिक्षणाच्या कर्जावर जाणाऱ्या मुलाला सहा वेळा मिळत नाहीत. त्याला एकच वेळ असते. सरासरी त्याच्या कामाची नाही.

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. ठरलेल्या दिवशी पोहोचलो नाही, तर पैशांपलीकडे काही जाणार आहे का? ॲडमिशन, परीक्षा, जहाजावरची नोकरी, बहिणीचं लग्न? नवीन तिकिटाचे पैसे आज रात्री भरायची वेळ आली, तर आहेत का? मधल्या गावी एक रात्र काढायची सोय आहे का? पहिल्याचं उत्तर "हो" असेल, किंवा पुढच्या दोनांपैकी एकाचं "नाही", तर एकत्र तिकीट काढा आणि शांत झोपा.

तर नागपूरच्या मित्रा, तुझ्यासाठी. आधी जादा वजनाचे पैसे मिळवून फरक पुन्हा काढ. मला वाटतं तो बराच कमी होईल. तरी परवडत नसेल, तर मुंबईचं विमान आदल्या दिवशीचं घे, किंवा विमानच घेऊ नको. रात्रीच्या रेल्वेने ये, विदर्भ एक्स्प्रेस आहे, दुरांतो आहे. सकाळी मुंबईत. दिवसभर ठाण्याच्या काकांकडे नाहीतर मित्राच्या रूमवर आराम कर, आणि रात्री जेवून टी-२ ला जा. ट्रेन चार तास उशिरा आली तरी तुझं काही बिघडत नाही. आंतरराष्ट्रीय तिकीट तारीख बदलता येणारं घे. आणि निघायच्या आधी फोनची वेळ कागदावर लिहून आईकडे दे. ती विसरणार नाही.

पुण्याच्या मंडळींना वेगळं सांगत नाही. तुमची बस आणि तुमचा घाट तुम्हाला माहीत आहे, फक्त शुक्रवारची संध्याकाळ टाळा.

बाकी काय, तिकीट काढलेलं असेल तर आत्ता फोन हातात आहेच. ईमेल उघडा आणि तो तेरा आकडी नंबर शोधा. एक सापडला तर मधल्या तासांची काळजी कंपनी घेईल. दोन सापडले, तर वरचा उलटा हिशेब आज रात्रीच मांडा.

पुढच्या भागात भेटू. तोवर प्रवासाला शुभेच्छा, आणि बॅगेत लोणचं दोन पिशव्यांत बांधा!